मातीच्या बँकेतली ठेव

मित्रांनो, येत्या रविवारी एक छोटासा प्रयोग कराल? त्याची तयारी मात्र आजच करायची आहे बरं का!

मातीची दोन ढेकळं शोधून आणा, साधारण लिंबाएवढी. एक ढेकूळ एखाद्या जुन्या झाडाखालचं, जिथं वर्षानुवर्षं पाला पडतो आणि तिथंच कुजतो. दुसरं रस्त्याच्या कडेच्या उघड्या, ओसाड जागेतलं. दोन्ही ढेकळं सावलीत चांगली वाळू द्या. रविवारी काचेच्या दोन बरण्या पाण्यानं काठोकाठ भरा. चहाच्या दोन गाळण्या घ्या (आईला विचारून हं!) आणि प्रत्येकीत एक ढेकूळ ठेवून ती बरणीच्या तोंडावर अशी बसवा, की ढेकूळ पाण्यात बुडेल.

आता घड्याळ लावून पाच मिनिटं नुसतं बघत राहा. बहुतेक वेळा उघड्या जागेतलं ढेकूळ बघता बघता विरतं आणि पाणी गढूळ होतं. झाडाखालचं ढेकूळ मात्र बराच वेळ तग धरतं. दोन्हीकडे मातीच, पाणीही एकाच नळाचं. मग फरक कशामुळे?

झाडाखालच्या मातीचे कण एकमेकांना चिकटवून ठेवणारा एक गोंद असतो. कुजलेला पाला, मुळांतून झिरपणारे रस, बुरशीचे बारीक धागे, सूक्ष्म जिवांच्या अंगाचा चिकटपणा, या सगळ्यांचा मिळून तो बनतो. आणि या सगळ्यांत एक गोष्ट हमखास असते, ती म्हणजे कार्बन. शेतकरी त्याला म्हणतात 'सेंद्रिय कर्ब'.

गावी तुमच्या आजोबांचं शेत असेल, तर त्यांच्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे का ते विचारा. २०१५ सालापासून देशभरातल्या शेतकऱ्यांना ही पत्रिका मिळू लागली. आपलं जसं शाळेचं प्रगतिपुस्तक, तसं हे मातीचं! त्यात 'सेंद्रिय कर्ब' असा एक रकाना असतो. तिथला आकडा अर्ध्या टक्क्याच्या खाली असला, की कर्ब कमी आहे असं समजतात. म्हणजे शंभर किलो मातीत अर्धा किलोसुद्धा कर्ब नाही!

आज आपण या कर्बाचीच गोष्ट ऐकणार आहोत. तो मातीत येतो कसा, टिकतो कसा, आणि जंगलाचे तुकडे पाडले की निसटतो कसा.

हवेतून पानात, पानातून मातीत

हवेत कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू असतो, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. झाडाचं पान हा वायू घेतं आणि उन्हाच्या मदतीनं त्याची साखर करतं. त्या साखरेतूनच लाकूड, साल, मुळं, फुलं, फळं तयार होतात. पुढे पान गळतं, फांदी मोडते, मूळ मरतं. मग गांडुळं, वाळवी, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीवाणू त्यावर ताव मारतात.

हे जीव खातात तसे श्वासही सोडतात. त्यामुळे पानातला बराचसा कार्बन पुन्हा वायू होऊन हवेत जातो. पण थोडासा मागे उरतो. तो मातीच्या अगदी बारीक कणांना चिकटतो, ढेकळांच्या पोटात जाऊन लपतो. तिथं त्याला कुणी सहजासहजी गाठू शकत नाही. असा लपलेला कर्ब दहा-वीस वर्षंच काय, कधी कधी शेकडो वर्षं टिकतो.

म्हणजे ही झाली मातीची बँक. जंगल दरवर्षी थोडी थोडी ठेव ठेवतं आणि मातीतले जीव रोजच्या खर्चासाठी त्यातून थोडं काढतात. जमा जास्त आणि खर्च कमी, म्हणून ठेव वाढत जाते.

ही ठेव आहे तरी केवढी? जगभरातल्या मातीचा वरचा फक्त एक मीटर थर धरला, तरी त्यात सुमारे १५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. सगळ्या हवेत जेवढा कार्बन आहे आणि पृथ्वीवरच्या सगळ्या झाडाझुडपांत मिळून जेवढा आहे, त्या दोन्हींच्या बेरजेपेक्षाही हा जास्त भरतो. आपण जंगल म्हटलं की मान वर करून झाडं बघतो. पण जंगलाचा मोठा खजिना आपल्या पायाखालीच असतो!

भाकऱ्यांची दुरडी

आता एक प्रश्न. जंगलात एकही मोठी तोड केली नाही, फक्त मधून दोन-चार रस्ते काढले, तर काय बिघडणार आहे? झाडं तर जवळजवळ सगळी तिथंच आहेत ना?

याचं उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. आजी भाकऱ्या करून दुरडीत एकावर एक ठेवते आणि कापडात गुंडाळते. संध्याकाळपर्यंत त्या मऊ राहतात. त्याच भाकऱ्या एकेक करून ओट्यावर पसरून ठेवल्या तर? कडा आधी वाळतील आणि मग सगळ्या भाकरीचा पापड होईल. भाकऱ्या तेवढ्याच, पण उघडी पडलेली बाजू वाढली.

जंगलाचंही असंच आहे. घनदाट जंगलाच्या पोटात भर दुपारीही गारवा असतो. वारा लागत नाही, माती ओलसर असते. पण जंगलाच्या कडेला, म्हणजे जिथं ते संपून रस्ता किंवा मोकळं रान लागतं तिथं, ऊन तिरपं आत शिरतं, वारा घुसतो आणि माती तापते. जंगलाचे जितके तुकडे कराल, तितकी ही कड वाढत जाते.

कितीनं वाढते, ते आपण वहीतच मोजू या. चौकटींच्या कागदावर दहा बाय दहा चौकटींचा मोठा चौकोन काढा. हे झालं आपलं जंगल, एक किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद. प्रत्येक चौकट म्हणजे एक हेक्टर. ऊन-वाऱ्याचा त्रास कडेपासून किती आत पोचतो, हे जंगलाजंगलावर अवलंबून असतं. हिशोबासाठी आपण शंभर मीटर धरू, म्हणजे एक चौकट. कडेच्या सगळ्या चौकटी पिवळ्या रंगवा आणि आतल्या हिरव्या. हिरव्या किती भरल्या? ६४.

आता बरोबर मधून एक उभा आणि एक आडवा रस्ता काढा. जंगलाचे चार तुकडे झाले. प्रत्येक तुकड्याची कड पिवळी करा. हिरव्या चौकटी उरल्या अवघ्या ३६!

पुढे दर दोन चौकटींनंतर एक रस्ता, असे चार उभे आणि चार आडवे रस्ते काढून बघा. पंचवीस तुकडे होतील. हिरव्या चौकटी? शून्य. झाडं जवळजवळ तेवढीच आहेत, नकाशावर हिरवा रंगही दिसेल, पण 'जंगलाचं पोट' म्हणावं असं काही उरलंच नाही.

हा काही नुसता वहीतला खेळ नाही. जगात आज जेवढं जंगल शिल्लक आहे, त्यातलं सुमारे ७० टक्के जंगल कुठल्या ना कुठल्या कडेपासून एका किलोमीटरच्या आत आहे, असा हिशोब शास्त्रज्ञांनी २०१५ साली मांडला.

कडेला नेमकं काय होतं?

ब्राझील देशातल्या मनाउस शहराजवळ अॅमेझॉनच्या जंगलात थॉमस लव्हजॉय या शास्त्रज्ञानं १९७९ साली एक मोठा प्रयोग सुरू केला. तिथं गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडलं जात होतं. त्यात मुद्दाम १ हेक्टर, १० हेक्टर, १०० हेक्टर असे तुकडे शिल्लक ठेवायचे आणि त्यांचं पुढे काय होतं ते वर्षानुवर्षं मोजत राहायचं. त्यातून दिसलं, की कडेजवळची मोठमोठी झाडं जास्त संख्येनं मरतात. वारा त्यांना मोडतो, कोरडेपणा त्यांना सोसत नाही. मोठं झाड मेलं, की मातीच्या बँकेतला सगळ्यात मोठा खातेदारच गेला म्हणायचा.

खाली मातीतही गडबड सुरू होते. ओल आहे आणि ऊबही वाढली, की जीवाणूंची भूक वाढते. ते ठेवीवर हात मारतात आणि जास्त कार्बन वायू होऊन उडून जातो. कडेवरचा पाला वारा उडवून नेतो. उन्हाळ्यात वणवा शिरतो तोही बहुतेक कडेनंच. आणि पावसाळ्यात उघड्या पडलेल्या मातीवर टपोरे थेंब आदळले, की वरचा थर वाहून जातो. सगळ्यात जास्त कर्ब असतो तो याच वरच्या थरात!

पण थांबा, शास्त्र नेहमी इतकं सरळ नसतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात शास्त्रज्ञांनी जंगलांच्या कडांची माती किती 'श्वास' सोडते हे मोजलं. २०२२ साली त्यांनी जे छापलं, ते वाचून तुम्हाला नवल वाटेल. खेड्याकडच्या जंगलाच्या कडेला माती जंगलाच्या पोटातल्या मातीपेक्षा जास्त कार्बन सोडत होती. बोस्टन शहरातल्या जंगलांच्या कडेला मात्र उलटं, आतल्यापेक्षा कमी! कारण काय? शहराच्या कडेची माती इतकी तापलेली आणि इतकी कोरडी होती, की तिच्यातल्या जिवांना काम करणंच अवघड झालं होतं.

मग शहरातली कड चांगली म्हणायची का? तापानं फणफणलेला मुलगा कमी जेवतो, म्हणून कुणी त्याला 'शहाणा, डबा वाचवला' असं म्हणतं का? तसंच हे. पण यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे, प्रत्येक ठिकाणची माती वेगळी वागते, म्हणून आपल्याकडची माती आपणच मोजायला हवी. दुसरी म्हणजे, शहरातला झाडांचा लहानसा तुकडासुद्धा मातीत कर्ब धरून असतो, त्याला बिनकामाचा समजू नये.

आपल्या खेड तालुक्यात

आता आपल्या घराकडे वळू. तुमच्यापैकी कित्येकांचे आई-बाबा भोसरी, आकुर्डी, तळवडे किंवा चाकणच्या कारखान्यांत कामाला जात असतील. १९५४ साली स्थापन झालेला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना पिंपरीत उभा राहिला, पुढे औद्योगिक वसाहती आल्या, १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. नंतर कारखान्यांची रांग नाशिक रस्त्यानं चाकणपर्यंत जाऊन पोचली. या कारखान्यांवर लाखो घरांच्या चुली पेटतात, हे विसरून चालणार नाही.

पण निगडीच्या दुर्गा टेकडीवर चढून एकदा चारी बाजूंना बघा. देहूरोडजवळचा घोराडेश्वर, इंदोरीजवळचा भंडारा डोंगर, चाकणच्या बाजूचा भामचंद्र डोंगर अशा टेकड्या रस्त्यांच्या आणि पत्र्याच्या शेडांच्या मधून बेटांसारख्या उरल्या आहेत. भंडारा आणि भामचंद्र या डोंगरांवर तुकाराम महाराज एकांतात चिंतनासाठी जात, असं परंपरा सांगते. आज चाकणच्या बाजूला असा एकांत शोधायला लांब जावं लागेल.

चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्याचं पश्चिमेचं टोक भीमाशंकरच्या डोंगरांना भिडतं. चाकणला पाऊस बेताचा, तर तिकडे धो-धो. भीमा नदी तिथंच उगम पावते. १९८५ साली तिथं अभयारण्य झालं. आपला राज्यप्राणी शेकरू तिथं राहतो. शेकरू जमिनीवर फारसा उतरत नाही, या झाडावरून त्या झाडावर उड्या मारत जातो. मधे रुंद रस्ता आला, की त्याची वाट तुटते. शेकरूला जे वर फांदीवर कळतं, तेच खाली मातीला कळतं, फक्त मातीला बोलता येत नाही.

याच डोंगरांत पवनचक्क्या उभ्या करण्यासाठी खेड आणि मावळ तालुक्यांतली जवळजवळ दोनशे हेक्टर वनजमीन देण्यात आली. पश्चिम घाटाचा अभ्यास करायला केंद्र सरकारनं २०१० साली ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचा एक गट नेमला होता. त्या गटाच्या २०११ सालच्या अहवालात या पवनचक्क्यांचा उल्लेख आहे. डोंगरावर रुंद रस्ते खोदताना चढ-उताराचे नियम नीट पाळले गेले नाहीत, त्यामुळे मोठी धूप झाली, दरडी कोसळल्या आणि राडारोडा खालच्या सुपीक शेतांत आणि धरणांच्या पाण्यात उतरला, असं त्यात म्हटलं आहे.

गंमत बघा, म्हणजे खरं तर गंमत नाहीच. पवनचक्की ही चांगली गोष्ट आहे. ती कोळसा न जाळता वीज देते, म्हणजे हवेतला कार्बन वाढू देत नाही. पण तिच्यापर्यंत जाणारा रस्ता दाट जंगलातून, उभा डोंगर कापून काढला, तर काय होतं? खोदकामात ढेकळं फुटतात, त्यांच्या पोटात लपलेला कर्ब उघडा पडतो, दोन्ही बाजूंना नवी कड तयार होते आणि पहिल्याच पावसात वरची माती खाली जाते. एका हातानं वाचवलेलं दुसऱ्या हातानं सांडण्यासारखंच हे. म्हणून 'पवनचक्की हवी की नको' एवढाच प्रश्न पुरेसा नाही. 'रस्ता कुठून काढायचा' हाही प्रश्न तितकाच मोठा आहे. तुमच्यातलं कुणी उद्या इंजिनीअर झालं, तर हा प्रश्न आठवणीत ठेवा.

पडलेलं पानही उचलायचं नाही!

याच सह्याद्रीत आपल्या पूर्वजांनी मातीची बँक सांभाळण्याची एक युक्ती केली होती. त्यांना कर्ब वगैरे शब्द माहीत नव्हते. त्यांनी जंगलाचा एक भाग देवाच्या नावानं सोडला. ती देवराई. तिथं कुऱ्हाड चालवायची नाही. कित्येक देवरायांत तर वाळकं लाकूड किंवा पडलेलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही, असा नियम होता. माधव गाडगीळ आणि पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून त्यांचं महत्त्व जगापुढे आणलं.

पडलेलं पान उचलायचं नाही, म्हणजे काय? तर बँकेत आलेली ठेव काढायची नाही! म्हणून जुन्या देवराईत पाय ठेवला, की पाचोळ्याचा गादीसारखा थर लागतो आणि खालची माती काळीभोर, भुसभुशीत असते. पण देवराया मुळातच लहान. त्यांतून एखादा रस्ता गेला किंवा मधोमध फरशीचं आवार बांधलं, की तुमच्या वहीतल्या हिरव्या चौकटी किती उरतील, ते आता तुम्हीच सांगा.

मग आपण काय करायचं?

मोठ्या रस्त्यांचे निर्णय मोठी माणसं घेतात. पण काही गोष्टी तुमच्याही हातात आहेत.

टेकडीवर फिरायला जाल तेव्हा मळलेल्या पायवाटेनंच चला. प्रत्येकानं आपापला 'शॉर्टकट' काढला, तर त्या टेकडीचेही तुकडे पडतात. पायवाटेवर गवत उगवत नाही आणि पावसाचं पाणी तिचाच ओढा करतं.

सोसायटीत झाडलेला पाला पेटवू देऊ नका. असा कचरा उघड्यावर जाळायला घनकचरा नियमांनी मनाई आहे. पाला जाळला, की अनेक महिने मातीला पुरला असता तो कर्ब दहा मिनिटांत धूर होतो. त्यापेक्षा कोपऱ्यात एक खड्डा करा, पाला त्यात टाका, अधूनमधून पाणी शिंपडा. पावसाळ्यापर्यंत झाडांना खत तयार!

शाळेतर्फे झाडं लावायला जाल, तेव्हा सरांना किंवा बाईंना विचारा, की दोन झाडीच्या मधली रिकामी जागा भरता येईल का? एकटं रोप लांब कुठंतरी लावण्यापेक्षा दोन तुकडे जोडणारी दहा रोपं मोलाची. हे मात्र ध्यानात ठेवा, की प्रत्येक गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. आपल्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात गवताचं राज्य मूळचंच आहे. गवताची दाट मुळंही मातीत भरपूर कर्ब साठवतात. असा माळ खणून तिथं झाडं लावायची घाई नको.

आणि आई-बाबांसाठी एक विनंती. टेकडीवर नवा रस्ता होणार, मुरमासाठी डोंगर फोडणार, अशी बातमी आली, की आपण 'झाडं किती तुटणार' असं विचारतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारा, 'आणि तुकडे किती पडणार?' पवना, इंद्रायणी, भामा या नद्यांचं पाणी ज्या डोंगरांवरून येतं, त्या डोंगरांची माती जागेवर राहिली, तरच धरणं गाळानं भरायची थांबतील आणि नळाला पाणी येत राहील.

चला तर मग, गाळण्या आणि बरण्या तयार ठेवा. कुठली माती घेतलीत, कुठलं ढेकूळ किती मिनिटं टिकलं, पाणी कितपत गढूळ झालं, हे सगळं वहीत तारखेसह लिहून काढा. वर्गातल्या पाच जणांनी पाच ठिकाणची माती आणली, तर तुमच्या भागाच्या मातीचं छोटंसं प्रगतिपुस्तकच तयार होईल. तुमची निरीक्षणं आम्हाला पत्रानं जरूर कळवा. आणि हो, प्रयोग झाल्यावर गाळण्या घासूनपुसून जागेवर ठेवायला विसरू नका, नाहीतर सोमवारच्या चहात मातीचा वास यायचा!